मुडदा मोजायला कोण येतो?

(रिसोड येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी इथलाच. माय रिसोडच्या आठवडी बाजारात भाजी इकायची. मॅट्रिक झालो आणि मुंबईच्या गोदीत कंत्राटदाराकडे हमालीला लागलो. कविता करतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. आज कविता म्हणत नाही. आज खुनांबद्दल बोलतो.

आजी मायला दम द्यायची, माय मला द्यायची : "गप बस, न्हाई तं मानवतले नेऊन टाकीन." काहून मानवत, हे कोणी सांगत नव्हतं. मानवत काही लांब नाही. सेनगाव, जिंतूर करत गेलं की परभणी जिल्ह्यातलं ते गाव येतं. 14 नोव्हेंबर 1972 ते 4 जानेवारी 1974, या चौदा महिन्यांत तिथं 10 मुडदे पडले. लहान पोरी, कडेवरचं लेकरू आणि पस्तिशीच्या आसपासच्या बाया. पोलिसांनी कोर्टात मांडलं ते असं : पिंपळाखाली धन आहे, मुंजा बसलाय, त्याला कुवाऱ्या पोरीचं रक्त पाहिजे.

72 चा दुष्काळ आठवा. तुम्ही आम्ही पाहिला नाही, म्हाताऱ्यांना विचारा. बाई घरात बसली तर चूल पेटत नव्हती. सरपणाला, पाण्याला, कामाला तिला निघावंच लागे, एकटीला, आडवाटेनं. मारणाऱ्याला हे बरोबर ठाऊक असतं. तो वाड्यातल्या बाईच्या वाटेला जात नाही. त्याच साली, त्याच परभणी जिल्ह्यात, ब्राह्मणगावात दोन बौद्ध बायांना नागवं केलं गेलं. त्याच साली मुंबईत पँथर उभी राहिली. हे सगळं एकाच सालातलं आहे, वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवू नका.

शेवटी मुंबईहून रमाकांत कुलकर्णी आले. 1968 चा रामन राघव त्यांच्याच हाताखाली पकडला गेला. राघवनं मारलेले कोण? फुटपाथवर, झोपड्यांत निजलेले. तिथंही तेच. मोठा अधिकारी गावात येईपर्यंत किती चिता पेटल्या, याचा हिशेब कुठल्या सिनेमात येत नाही. 2024 साली मालिकाही निघाली. बघा, बघायला हरकत नाही. पण मेलेल्या पोरींची नावं आठवतात का, हे बघून झाल्यावर स्वतःला विचारा. मला एकही आठवली नाही, याची मला लाज वाटली.

आरोपींत नगरपरिषदेचा माजी अध्यक्ष होता. पारधी बाईही होती. लोक काय बोलले? 'पारध्याची करणी'! अध्यक्षाच्या जातीला कोणी करणीची जात म्हटलं नाही. पारध्यांना 1871 च्या इंग्रजी कायद्यानं जन्मजात गुन्हेगार ठरवलं, 1952 ला तो कायदा गेला, डोक्यातून गेला नाही. खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. 1977 चा तो निकाल, दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य, वकील अजून काढतात : माफीच्या साक्षीदारावर किती विसंबायचं, कबुलीजबाब कसा नोंदवायचा. खाली शिक्षा झालेले काहीजण वर सुटले. मी कोर्टाला शिव्या देणार नाही. तपास कच्चा असला की मेलेल्याचं काही चालत नाही. आणि चुकीचा माणूस फाशी जावा, हे आपल्याला तरी परवडणारं नाही. पहिला पकडला जातो तो आपलाच.

आता माझं. गोदीच्या भिंतीला एक बाई चहा इकायची. आम्ही तिला मावशी म्हणायचो. एक दिवस आली नाही, चार दिवस आली नाही. मी आणि दोघे हमाल एका चौकीत गेलो. साहेबानं विचारलं, "तुझी कोण लागते?" म्हटलं, कोणी नाही, चहा पितो. "मग घरचे येऊ दे." घरचे असते तर ती भिंतीला झोपली असती का? कागदावर एक ओळ चढली नाही. आता मला कायदा ठाऊक आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की नोंद करायलाच लागते, 2013 साली सुप्रीम कोर्टानं ललिताकुमारी प्रकरणात सांगितलंय. खबर द्यायला नातं लागत नाही. हद्द आपली नाही म्हणूनही परत पाठवता येत नाही. तेव्हा मला हे येत नव्हतं. मी मुंडी खाली घालून पाळीवर गेलो.

त्याच 2013 साली दाभोलकरांना गोळ्या घातल्यावर नरबळी आणि जादूटोण्याचा कायदा आला. मानवतनंतर चाळीस वर्षांनी, तोही एक माणूस मारल्यावर.

म्हणून मी आलोय एका कामासाठी. रिसोड तालुक्यातल्या बेपत्ता बाया आणि 'अकस्मात मृत्यू' म्हणून मिटलेल्या बाया, यांची वही करायची. नाव, गाव, तारीख, कोणत्या ठाण्यात गेलो, काय उत्तर मिळालं. ऊसतोडीला गेलेल्याही धरायच्या. ठाण्यात तिघांनी जायचं, नक्कल मागायची, नाही दिली तर टपालानं एसपीला लिहायचं. भानामती, गुप्तधन असं कानावर आलं की हसून सोडायचं नाही, तेही वहीत.

वही मी आणलीय. पहिल्या पानावर मावशीचं लिहिणार होतो. तिचं नाव मला माहीत नाही. चहाची किटली, हिरवं लुगडं, डाव्या हातावर गोंदण, एवढं लिहिलंय. दुसरं पान कोरं आहे. कोण बोलतंय?