आपली वृत्तपत्रे का थांबली?



अमेरिकेतील काळ्या लोकांनी स्वतः काढलेले पहिले पत्र ‘फ्रीडम्स जर्नल’. ते १८२७ मध्ये न्यूयॉर्कला निघाले, १८२९ मध्ये बंद पडले. शंभर वर्षांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी बाबासाहेबांनी ‘बहिष्कृत भारत’ काढले; तेही १९२९ मध्येच थांबले. आधीच्या ‘मूकनायक’ला शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते, ‘केसरी’ने मात्र पैसे देऊ करूनही त्याची जाहिरात छापली नाही. ‘बहिष्कृत भारत’चे रकानेच्या रकाने बाबासाहेब एकट्याने लिहीत. लेखणी थकली नव्हती, वर्गणी अपुरी पडली. आम्ही कुरुंदेकर जयंतीच्या मिरवणुकीला सढळ हाताने देतो (द्यावेच), पण छापील कागदाला हात आखडतो. आज स्मरणिका रोखीने किती जण घेतात, ते आम्ही दाराशी उभे राहून पाहणार आहोत.