ट्रॅक्टरने हवा घेतली तर

सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यात, गळीत हंगामात भरलेल्या ट्रॉल्या ओढणारा जुना ट्रॅक्टर चढावर दम टाकून बंद पडला, तर दोष बहुधा इंजिनात नसून डिझेलच्या वाटेत असतो. टाकीचे झाकण सैल करताच इंजिन सुरळीत चालले, तर झाकणातील हवेचे छिद्र बुजले आहे असे समजावे. अन्यथा डिझेलच्या वाटेत शिरलेली हवा काढण्यासाठी फिल्टरवरील स्क्रू सैल करून फीड पंपाची, म्हणजे टाकीतील डिझेल पुढे ढकलणाऱ्या पंपाची, दांडी हाताने मारावी. फेस थांबून बुडबुड्यांविना सलग धार आली, की ती चालू असतानाच स्क्रू आवळावा आणि हीच कृती इंजेक्शन पंपावर, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलला ते मोठ्या दाबाने पुरवणाऱ्या पंपावर, करावी. हवा पुन्हा शिरल्यास जोडातील तांब्याचे वॉशर आधी बदलावेत. नव्या पंपाचा खर्च करण्याची घाई नको. मात्र नोझलच्या धारेपुढे हात कधीही नेऊ नये, कारण त्या दाबाने डिझेल कातडीत घुसते.