साथीनंतरचे दुखणे आणि आपले कर्तव्य
(सावनेर येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मंडळाने चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, ती आम्ही शिरोधार्य मानतो. आम्ही वैद्य नव्हे. आयुष्य खडू-फळ्याच्या संगतीत गेले. तथापि जे वाचून-विचारून समजले ते सोपे करून सांगावे, हा शिक्षकाचा धर्म सेवानिवृत्तीने सुटत नाही.

१९१८ च्या इन्फ्ल्युएंझाला आपले वाडवडील ‘मानमोडी’ म्हणत. साथीचा ताप अंग कसे मोडून काढतो, हे त्या एका शब्दात आले आहे. २०२० साली आलेल्या कोरोनानेही तेच केले. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी त्या साथीची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. परंतु ताप गेला म्हणून दुखणेही गेले, असे सर्वांच्या बाबतीत घडले नाही.

या दुखण्याचा पहिला प्रकार स्नायूंचा. अंथरुणास खिळलेल्या देहाचे स्नायू वापरावाचून झडतात. मग जिना चढताना मांड्या थरथरतात, भरलेली बादली उचलवत नाही. सकस आहार आणि बेताबेताने वाढविलेला व्यायाम हा त्यावरील उपाय होय. मात्र श्रम केल्यावर दुसऱ्या दिवशी ज्याचा थकवा उलट वाढतो, त्याने हट्ट न धरता डॉक्टरांस विचारावे. आणि घरच्यांनी त्यास आळशी म्हणू नये.

दुसरा प्रकार अधिक गंभीर, तो खुब्याच्या हाडाचा. मांडीच्या हाडाचा वरचा टोक चेंडूसारखा गोल असतो. त्यास रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या थोड्या व बारीक. पाट बुजला की संत्र्याचे झाड वाळावे, तसा रक्तावाचून हाडाचा तो भाग मरतो आणि पुढे खचतो. मुंबईत माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. संजय अगरवाला व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली अशा तीन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. तिघेही चाळिशीच्या आतले. कोरोनाचे निदान झाल्यावर सरासरी अवघ्या ५८ दिवसांत त्यांस हा त्रास सुरू झाला होता. त्यांना उपचारात स्टेरॉइड दिले गेले होते, आणि तेही या विकारास कारण म्हणून पूर्वी नोंदलेल्या मात्रेहून कमी.

म्हणून स्टेरॉइडला दोष देऊन मोकळे होऊ नये. ज्यांना प्राणवायू लावावा लागला, अशा रुग्णांचे मृत्यू त्या औषधाने कमी झाले, हे २०२० साली इंग्लंडातील मोठ्या चाचणीने सिद्ध केले. ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती, त्यांना मात्र लाभ दिसला नाही. तात्पर्य हेच की, जुनी चिठ्ठी दाखवून ते औषध आणू नये, आणि चालू असल्यास मनाने एकाएकी सोडूही नये. मद्यपानही याच विकारास निमंत्रण देते, हे तरुणांनी विसरू नये.

जांघेत कळ येणे, मांडी घालून बसता न येणे, लंगडत चालणे, ही त्याची लक्षणे. कधी विकार खुब्यात आणि दुखते गुडघ्यात. अशा वेळी मालीश आणि वेदनाशामक गोळ्या यांत महिने दवडू नयेत. आरंभी साध्या क्ष-किरण चित्रात काही दिसत नाही; एम.आर.आय. तपासणीत दिसते. वेळीच कळल्यास औषधांनी हाड वाचण्याची आशा असते. माथा खचल्यावर बहुधा सांधा बदलण्याची शस्त्रक्रियाच उरते.

बंधुभगिनींनो, आपल्या समाजात दुखणे लपविण्याची रीत आहे. मुलीचे लग्न अडेल म्हणून तिचे लंगडणे झाकले जाते. सून कामचुकार ठरेल म्हणून कळ गिळते. कर्ता पुरुष हंगाम बुडेल म्हणून नागपूरची वाट धरत नाही. या लाजेपायी बरा होणारा पाय जन्माचा अधू होतो. यास्तव आमची नम्र सूचना अशी की, मंडळाने दोन जाणती माणसे नेमावीत. ज्या घरी सोबतीला कोणी नाही, तेथील रुग्णास त्यांनी नागपूरच्या मेडिकल वा मेयो रुग्णालयात न्यावे. ज्ञातीचा अभिमान सभेत मिरविण्यापेक्षा असा आधार देण्यात अधिक शोभतो.