गाठीचा काठ दाखविणारा प्रकाश

पोटातील दुष्ट गाठ काढताना शस्त्रवैद्य तिच्या भोवतालचा थोडा निरोगी भागही कापून टाकतो. शंकेला जागा उरू नये हा हेतू. मेंदूच्या बाबतीत ही उदारता परवडत नाही. तेथील बोटभर भाग म्हणजे रोग्याची वाचा असेल, किंवा त्याच्या उजव्या हाताची शक्ती. त्यातून ग्लायोब्लास्टोमासारख्या अर्बुदाला काठच नसतो. भिंतीत ओल मुरावी तसे ते मेंदूत मुरत जाते, आणि साध्या उजेडात रोगट व निरोगी भाग पुष्कळदा सारखेच दिसतात.

ही सीमा रंगाने उघड करावी, ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज मूर यांनी १९४८ च्या सुमारास फ्लुओरेसीन हे चमकणारे द्रव्य शिरेतून देऊन मेंदूतील गाठी हुडकण्याचा प्रयोग केला. परंतु हे द्रव्य रक्तवाहिन्या जेथे पाझरतात तेथे साचते. रोगट पेशीची स्वतःची खूण ते पटवीत नाही.

ती खूण पुढे जर्मनीत वॉल्टर स्टुमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी उपयोगात आणली. रक्ताला लाली देणारे हीम शरीर ज्या कच्च्या मालापासून घडविते, त्यांतील एक म्हणजे अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल. भूल देण्यापूर्वी सुमारे तीन तास ते रोग्यास पाण्यातून पाजतात. मात्रा वजनाच्या दर किलोस २० मिलिग्रॅम. अर्बुदाच्या पेशीत हीम बनण्याचे काम अखेरच्या पायरीपूर्वी रेंगाळते व प्रोटोपोर्फिरिन साचून राहते. (पोर्फिरिन हे नाव जांभळ्या रंगाच्या ग्रीक शब्दावरून आले, आणि ते यथार्थही आहे.) सूक्ष्मदर्शकातून निळा प्रकाश टाकला की गाठीचा गाभा निखाऱ्यासारखा लाल दिसतो, कडेला फिकट गुलाबी होतो, आणि निरोगी मेंदू निळाच राहतो.

२००६ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मन चाचणीत २७० रोग्यांचा हिशेब मांडला होता. या प्रकाशात १०० पैकी ६५ जणांची दृश्य गाठ पूर्ण निघाली. साध्या प्रकाशात ३६ जणांची. सहा महिने रोग न बळावलेले अनुक्रमे ४१ व २१. एकूण आयुर्मानात मात्र स्पष्ट फरक दिसला नाही, हेही सांगितलेच पाहिजे. युरोपात २००७ मध्ये व अमेरिकेत २०१७ मध्ये या औषधास मान्यता मिळाली.

एपेन्डिमोमा हे विरळा आढळणारे अर्बुद मेंदूतील द्रवाच्या पोकळ्यांलगत उद्भवते. ते पूर्ण निघाले की नाही यावर रोग्याचे पुष्कळ भवितव्य अवलंबून असते. सुदैवाने तेही बहुधा चमकते. उलट, मंद वाढणारी पुष्कळशी अर्बुदे अंधारीच राहतात. आणि लाल दिसलेला प्रत्येक कण कापण्याजोगा असतोच असे नाही. त्याच जागी वाचेचे केंद्र असेल, तर शस्त्रवैद्याला हात आवरावा लागतो. ते केंद्र कोठे आहे हे प्रकाश सांगत नाही. त्यासाठी विजेच्या सूक्ष्म स्पर्शाने चाचपून पाहतात, कधी रोग्यास जागे ठेवून त्याच्याशी बोलत.

शस्त्रक्रियेनंतर रोग्यास सुमारे एक दिवस मंद उजेडात ठेवतात. औषधाचा अंश कातडीतही उतरलेला असतो, आणि प्रखर प्रकाश लागल्यास ती भाजून निघते.