विजेचा पंक्तिप्रपंच
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी आपण बाहेरच्या एखाद्या विदुषीला बोलावतो. यंदा त्यांचे येणे ऐन वेळी रद्द झाले आणि चिटणीसबाईंनी मला गाठले. म्हणाल्या, "तुमची ती लोडशेडिंगची वही आहे ना, तिच्यावरच बोला." वही आहे खरी. पण तिच्यात आपल्या मंडळाच्या कौतुकाचे फारसे काही नाही, हे आधीच सांगून ठेवते. मागाहून तक्रार नको.

आपल्या घरातल्या लहान मुलांना लोडशेडिंग म्हणजे काय हे आता सांगावे लागते. २००५ पासून पुढची सहासात वर्षे मात्र आपल्या साताऱ्यातच काय, सबंध महाराष्ट्रात बाईचा दिवस त्या वेळापत्रकावर बांधलेला होता. मिक्सर केव्हा लावायचा, पाणी केव्हा चढवायचे, पाहुणे केव्हा बोलवायचे, सगळे त्या कागदावर पाहून. माझ्या स्वयंपाकघरात तो कागद दिनदर्शिकेच्या शेजारी डकवलेला असे.

हे का झाले, ते थोडक्यात सांगते. विजेची मागणी दरसाल वाढत होती आणि १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून नवी वीजनिर्मिती त्या मानाने फारच थोडी झाली. ज्या दाभोळच्या प्रकल्पावर भिस्त ठेवली होती, तो २००१ साली बंद पडला. राज्यात तूट पडली ती चार-पाच हजार मेगावॅटच्या घरात. आता धान्याची तूट पडली तर कोठारातले काढता येते. विजेचे तसे नाही. एवढ्या मोठ्या प्रमाणावर ती साठवून ठेवता येत नाही. ज्या क्षणी लागते त्याच क्षणी तयार करावी लागते. मागणी जास्त आणि पुरवठा कमी झाला की सेकंदाला पन्नास आवर्तनांचा जो ठेका असतो, तो ढासळू लागतो. वेळीच भार कमी केला नाही तर सगळीच यंत्रणा कोसळते. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर हिंदुस्थानात तसे झालेच. दुसऱ्या दिवशी तर पूर्व आणि ईशान्य भागही अंधारात गेला. तेव्हा वीज कुणाची तरी काढावी लागते, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो कुणाची, या एका शब्दापुरता.

आपल्याकडे पंगतीत भात कमी पडला की चतुर वाढपी काय करतो, हे तुम्हांला ठाऊक आहे. यजमानांच्या जवळच्या पानांवर हात सैल सोडतो आणि शेवटच्या पानांवर आखडता घेतो. शेवटचा पाहुणा बोलत नाही, कारण त्याला बोलायची चोरी असते. आपल्या भाषेने याला पंक्तिप्रपंच हे नाव देऊन ठेवले आहे. विजेच्या पंगतीत मुंबईचे पान पहिले. तिथे टाटांची वीज १९१५ पासून खोपोलीहून येते, त्यांची स्वतःची केंद्रे आहेत; म्हणून मुंबईचा बहुतेक भाग या तुटीतून सुटला. मग मोठी शहरे, मग आपल्यासारखी जिल्ह्याची गावे, आणि सर्वांत शेवटी खेडी. शहरात दोनतीन तास जात, त्या दिवसांत खेड्यात दहाबारा तास जात.

आणि गंमत पाहा. ज्या कोयनेचा आपल्या जिल्ह्याला एवढा अभिमान, तिचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला सोडून वीज करतात. कृष्णा लवादाने त्यासाठी वर्षाला साडेसदुसष्ट टी.एम.सी. पाण्याची मर्यादा घातली आहे, म्हणून ती वीज मुख्यतः संध्याकाळच्या आणि सकाळच्या गर्दीच्या वेळेला राखून वापरतात. म्हणजे ऐन दिवेलागणीला कोयना सबंध राज्याला हात देते, आणि त्याच वेळी आपल्या जिल्ह्यातल्या वाड्यावस्त्यांवर चिमणी पेटवावी लागत होती!

आता माझ्या वहीकडे येते. २००७ साली आपल्या कॉलनीची वीज संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ जात असे. मुले अभ्यासाला बसायची, स्वयंपाक व्हायचा, नेमकी तीच वेळ. मंडळाच्या बैठकीत ठरले की अर्ज करायचा. मी घरोघर फिरून दीडशेवर सह्या गोळा केल्या. आपण अकराजणी शिष्टमंडळ घेऊन कचेरीत गेलो. साहेबांनी चहा पाजला, सौजन्याने ऐकून घेतले. पुढच्या महिन्याच्या कागदावर आपली वेळ दुपारी एक ते तीन झाली. मंडळात पेढे वाटले. त्या वर्षीच्या अहवालात "मंडळाचे यश" म्हणून त्याची नोंद आहे आणि ते वाक्य माझ्याच हातचे आहे.

दिवाळीला आम्ही सासरी गावी गेलो. गाव इथून फार लांब नाही. ज्या सबस्टेशनमधून आपली लाईन निघते, त्याच सबस्टेशनमधून त्यांचीही निघते. संध्याकाळी सहाला वीज गेली ती दहाला आली. मी धाकट्या जाऊबाईंना विचारले, "पूर्वी दुपारी जायची ना तुमची?" त्या म्हणाल्या, "आक्का, दोन म्हैनं झालं, सांजचीच जातीया. गिरणी रातच्याला अकराला चालू हुती. दळण डोक्यावर घिऊन बाया अंधारात उभ्या ऱ्हात्यात." मी मनातल्या मनात महिने मोजले.

आपल्याच सह्यांनी हे झाले, असे मला सिद्ध करून दाखवता येणार नाही. पण परत आल्यावर आपल्या भागातल्या वायरमनला विचारले. तो सरळ माणूस. म्हणाला, "वहिनी, वरून आम्हांला मेगावॅटचा आकडा येतो. एवढा भार कमी करा म्हणून. तुमचा फीडर संध्याकाळचा सोडला तर त्या वेळी दुसरा कुठला तरी घालावाच लागतो. आकडा काही कमी होत नाही." ज्यांचा अर्ज आला नव्हता, त्यांचा घातला असणार.

जाऊबाईंना हे सांगायचे धाडस मला संक्रांतीपर्यंत झाले नाही. सांगितले तेव्हा त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमच्याकडं सह्या घिऊन जाणारं माणूस हाय. आमच्या आळीत कुनी सही मागाया आलंच न्हाई कधी." आणि चुलीपुढून उठून गेल्या.

तेव्हापासून मी या विषयाचा नाद घेतला. वीज नियामक आयोग म्हणून एक संस्था आहे. राज्यात ती १९९९ पासून आहे. २००३ च्या वीज कायद्याच्या तेविसाव्या कलमात विजेच्या समन्यायी वाटपासाठी आदेश काढण्याचा अधिकार तिला दिलेला आहे. आयोगापुढे जाहीर सुनावण्या होत, त्यांत कुणीही उभे राहून बोलू शके. त्या काळात एक तत्त्व पुढे आले: ज्या भागात वीजगळती कमी आणि बिलाची वसुली चांगली, तिथे भारनियमन कमी, जिथे गळती जास्त, तिथे जास्त. त्याप्रमाणे ए, बी, सी असे गट पाडले. ऐकायला हे अगदी न्याय्य वाटते. प्रामाणिक माणसाने चोराची शिक्षा का भोगावी?

मलाही पुष्कळ दिवस ते पटत होते. मग शंका येऊ लागल्या. गळतीचा आकडा निघतो तो सबंध फीडरचा. आकडा टाकणारे दोघे, बिल नेमाने भरणारी पन्नास घरे, आणि अंधार बावन्न घरांना! शिवाय सगळी गळती चोरीची नसते. खेड्यात तारा मैलोन् मैल ओढलेल्या, डीपी जुनी, घरे विखुरलेली. तिथे काही वीज तारेतच तापून जाते. त्यात जाऊबाईंचा काय दोष? आणि पुष्कळशा शेतीपंपांना मीटरच नाहीत, हॉर्सपॉवरवर बिल येते. तेव्हा पंपांनी किती वीज घेतली आणि किती गळाली, हा हिशेब अंदाजाचा. अंदाजाच्या आकड्यावर एखाद्या गावाची संध्याकाळ ठरवायची, हे माझ्या बुद्धीला रुचत नाही. बिल बुडवणाऱ्याला सवलत द्यावी असे मी म्हणत नाही. त्याची जोडणी तोडा. पण दंड माणसाला व्हावा, तारेला नव्हे.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. शेतीला तीन फेजची वीज दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास, अशी पाळी असे. उरलेल्या तासांना कुणी लोडशेडिंग म्हणतच नसे! ते "वेळापत्रक". माझे दीर रात्रीच्या पाळीला उसाला पाणी द्यायला जात. पायांखाली चिखल, पाचटात काय असेल सांगता येत नाही, हातात बॅटरी. जाऊबाई ते परत येईपर्यंत ओसरीवर बसून असत. त्यांच्या त्या बसण्याची मोजदाद कुठल्याच तक्त्यात नव्हती. तेव्हा तुमचे तास इतके आणि आमचे तास इतके, एवढ्यावर न्याय मोजता येत नाही. दुपारचे दोन तास आणि दिवेलागणीचे दोन तास सारखे नव्हेत, हे बायकांना सांगावे लागत नाही.

तोड निघतच नव्हती असेही नाही. शेजारच्या गुजरातेत ज्योतिग्राम योजनेत २००३ ते २००६ या काळात गावातल्या घरांची लाईन आणि शेतीपंपांची लाईन वेगळी केली. घरांना चोवीस तास, पंपांना ठरलेले आठ तास. आपल्याकडेही मागाहून गावठाणाचे फीडर वेगळे करण्याचे काम निघाले. त्याआधी अक्षय प्रकाश योजना आली होती: गावाने संध्याकाळी पंप लावायचे नाहीत अशी शपथ घ्यायची आणि त्या बदल्यात घरांत दिवे चालू राहायचे. काही गावांनी ती नेकीने पाळली. काहींनी कंडेन्सर लावून एका फेजवर पंप चालवले आणि डीपी जाळून घेतल्या. तेही सांगितले पाहिजे. पुण्याने २००६ साली तिसरीच वाट काढली. कारखान्यांनी आपली जनित्रे चालवायची, त्यांची वीज शहराने घ्यायची आणि जादा खर्च शहरातल्या ग्राहकांनी भरायचा. पैसेवाल्यांचे शहर म्हणून त्यांना जमले, अशी टीका झाली. पण त्यांनी आपली संध्याकाळ दुसऱ्याच्या पानातून उचलली नाही, पैसे मोजून आणली. आपण काय मोजले होते? एक अर्ज आणि दीडशे सह्या.

२००८ च्या उन्हाळ्यात मी मंडळात दुसरा अर्ज मांडला. संध्याकाळची वेळ एक आठवडा आमची, एक आठवडा त्या गावाची, अशी आळीपाळीने ठेवावी. ती बैठक तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. दहावीची मुले असलेल्या आया फार रागावल्या. "आपल्या हातांनी आपल्या मुलांचा दिवा विझवायचा का?" असे एकीने विचारले. त्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते आणि आजही पुरते नाही. तिघीजणींनी मंडळात येणे सोडले. त्यांतल्या एक आज समोर बसल्या आहेत, याचा मला आनंद आहे. शेवटी अर्ज गेला, त्यावर आपल्या सत्तर सह्या होत्या आणि गावच्या बायकांच्या चाळीस. चाळिसांपैकी पुष्कळशा अंगठ्याच्या. त्या जाऊबाईंनी गोळा केल्या.

कचेरीतून उत्तर आले की गट वरून ठरतात, अदलाबदल करता येत नाही. मात्र दीडएक महिन्याने गावची वेळ थोडी अलीकडे आली आणि गिरणी आठ वाजता सुरू होऊ लागली. ते आपल्या अर्जाने झाले की उन्हाळा सरल्याने, हे मी विचारायला गेले नाही.

डिसेंबर २०१२ पासून, जास्त गळतीचे भाग सोडून, राज्य भारनियमनमुक्त म्हणून जाहीर झाले. पण एप्रिल २०२२ मध्ये कोळसा कमी पडला आणि पुन्हा तोच शब्द कानावर आला. त्या आठवड्यातच आपल्या एक उत्साही सभासद माझ्याकडे कोरा कागद घेऊन आल्या. वर मजकूर लिहिलेला, खाली सह्यांना जागा. पहिली सही माझी हवी होती. मी त्यांना म्हटले, "आधी शेजारच्या गावाचा तक्ता आणा, मग सही." त्या जराशा खट्टू झाल्या. पण आणला.

शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून चालू आहे आणि २०२३ पासून तिचा दुसरा टप्पा. दीर आता थकले आहेत. रात्रीच्या पाण्याला पुतण्या जातो, नाहीतर दिवसाच्या पाळीची वाट पाहतो.

माझी वही मी आज मंडळाच्या कपाटात ठेवते आहे. तिच्यात आपल्या फीडरचे नाव आहे, सबस्टेशनवरून निघणाऱ्या बाकीच्या लाईनी कुठल्या गावांना जातात ते आहे, आणि २००७ पासूनचे मला मिळाले ते तक्ते चिकटवलेले आहेत. मागची बरीच पाने कोरी आहेत. ज्यांची सासरेमाहेरे त्या गावांत असतील, त्यांनी तिथली पाळी विचारून तारीखवार लिहीत जावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेते.