न मोडलेला किल्ला

(हीरक महोत्सवी सोहळ्यातील भाषण)



शाळेच्या ६० वर्षांच्या वाटचालीचा गौरव माझ्या आधीच्या वक्त्यांनी यथोचित केला आहे. त्याची पुनरुक्ती न करता मी आज चंडीगडच्या रॉक गार्डनविषयी आणि तेथील मजेदार, काहीशा वेड्यावाकड्या मूर्तींविषयी बोलणार आहे. विषय दूरचा वाटेल. परंतु महाराष्ट्राबाहेर राहून मराठीतून शिकवणाऱ्या शाळेशी त्याचे नाते जवळचे आहे.

या बागेचे निर्माते नेकचंद यांचा जन्म १९२४ साली शकरगढजवळच्या एका खेड्यात झाला. आईने सांगितलेल्या राजाराण्यांच्या गोष्टी ऐकत ते वाढले. १९४७ च्या फाळणीत ते खेडे पाकिस्तानात गेले आणि कुटुंब भारतात आले. पुढे ल कॉर्बुझिए यांच्या आराखड्यानुसार चंडीगड उभे राहत असताना नेकचंद यांना तेथे सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षकाची नोकरी मिळाली. नव्या शहरासाठी जुनी खेडी पाडली जात होती. काम सुटल्यावर हा गृहस्थ सायकलवरून त्या पाडकामातले तुकडे, फुटक्या कपबश्या, टाकाऊ फरशा आणि चित्रविचित्र आकारांचे दगड गोळा करी व सुखना तलावाजवळच्या जंगलात नेऊन ठेवी. त्या जागेत बांधकामास सक्त मनाई होती. १९५७ च्या सुमारास आरंभलेले हे काम त्यांनी सुमारे १८ वर्षे गुपचूप चालवले.

त्यांनी जे घडवले ते आईच्या गोष्टींतले राज्य होते. नर्तकी, शिपाई, माकडे, मोर अशा पलटणीच्या पलटणी तेथे उभ्या आहेत. शरीर सिमेंटचे, वस्त्रे काचेच्या बांगड्यांच्या तुकड्यांची. आपल्या घरांत बांगडी ‘फुटली’ म्हणत नाहीत, ‘वाढली’ म्हणतात. तो शब्द या बागेत अक्षरशः खरा झाला आहे. बागेतल्या अनेक कमानी ठेंगण्या आहेत. मोठ्या माणसाला तेथून वाकून जावे लागते. लहान मूल मात्र ताठ मानेने आत जाते.

हे वर्णन ऐकून आपणां सर्वांना दिवाळीतला किल्ला आठवला असेल. अंगणातली माती, चार दगड, विटांचे तुकडे, वर पेरलेले हळीव आणि घरात ऐकलेल्या शिवरायांच्या गोष्टी, एवढ्या भांडवलावर आपण राज्य उभारत होतो. मावळा बुरुजापेक्षा उंच असे आणि गुहेतल्या वाघाला एक पाय कमी असे. त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. नेकचंद यांनी वेगळे काही केले नाही. त्यांनी तो किल्ला प्रौढ वयात बांधला आणि मोडला नाही, इतकेच.

आता प्रश्न उरतो तो इतरांचा. सत्तरच्या दशकात अधिकाऱ्यांना ही बाग सापडली, तेव्हा ती सुमारे १२ एकरांवर पसरलेली होती. कायद्याने पाहता ते सरकारी जमिनीवरचे अतिक्रमण होते आणि ते पाडून टाकणे सर्वांत सोपे होते. तसे झाले नाही. १९७६ मध्ये बाग लोकांसाठी खुली करण्यात आली. नेकचंद यांना याच कामासाठी पगार आणि ५० मजूर देण्यात आले. १९८४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या मूर्ती वॉशिंग्टनमधील मुलांच्या संग्रहालयापर्यंत पोहोचल्या. चिंध्यांपासून त्यांनी केलेल्या बाहुल्यांचे संग्रहालय आज त्याच बागेत आहे.

तरीही संकट टळले नव्हते. १९९० च्या सुमारास बागेतून रस्ता काढण्याचा घाट घातला गेला, तेव्हा चंडीगडचे नागरिक आडवे उभे राहिले. १९९६ मध्ये नेकचंद परदेशी असताना काही जणांनी मूर्तींची मोडतोड केली. तात्पर्य, कल्पनेचे राज्य एकदा वाचवून भागत नाही. पुनःपुन्हा त्याच्या बाजूने उभे राहावे लागते.

पालकहो, “मराठी शाळेत घालून मुलाचा पुढे काय उपयोग?” हा प्रश्न आपणांस नातेवाईक विचारतात, शेजारी विचारतात आणि कधी आपले मनही विचारते. रस्त्यावरची भाषा वेगळी, नोकरीची भाषा त्याहून वेगळी. मग हा तिसरा भार कशाला? या शंकेमागे मुलाच्या भवितव्याची खरी काळजी आहे, म्हणून मी ती हसण्यावारी नेणार नाही. हिंदी आणि इंग्रजी त्याला उत्तम यायलाच हव्यात. पण फाळणीनंतर नेकचंद यांचे गाव परके झाले, घर मागे राहिले. आईच्या तोंडून ऐकलेली गोष्ट तेवढी बरोबर आली. परक्या शहरात, टाकाऊ तुकड्यांतून, तिच्याच आधारावर त्यांनी आपले जग उभारले. आपले पूर्वजही महाराष्ट्रातून निघाले तेव्हा वाडे आणि शेते बरोबर आणू शकले नाहीत. ओव्या, कहाण्या आणि म्हणी तेवढ्या आणल्या. ही शाळा त्या ठेव्याची राखण करत आली आहे. मात्र घरात गोष्ट सांगितली गेली नाही, तर शाळा एकटी ती राखण करू शकणार नाही.

म्हणून माझी विनंती साधी आहे. दिवाळीचा तयार किल्ला बाजारातून आणू नका. मुलांना माती द्या, फुटक्या फरशा द्या, शिकवणी नसलेली एक दुपार द्या आणि काम चालू असताना शेजारी बसून मराठीत गोष्ट सांगा. बुरुज वाकडा झाला तर तो सरळ करायला धावू नका. माजी विद्यार्थ्यांनी मनात आणले, तर शाळेच्या मागच्या अंगणाचा एक कोपरा या कामासाठी कायमचा राखून ठेवता येईल. तेथे मुलांनी बांधलेले काहीही सुट्टी संपताच झाडून टाकले जाणार नाही, एवढा नियम पुरे.