परदेशातील विवाह आणि कायद्याचा दाखला



वसई-विरारची आपली मुले-मुली आज शिक्षणासाठी व नोकरीसाठी परदेशी जात आहेत; त्यांपैकी कोणी तेथीलच जोडीदार निवडतात. निवड करणे हा सज्ञान स्त्री-पुरुषांचा हक्क आहे. परंतु विवाह त्या देशात व्हावयाचा असेल, तर केवळ विधीवर विसंबून चालणार नाही.

आपल्याकडे त्रिशरण-पंचशील घेऊन विवाह लागतो आणि वधूवर दोघे बौद्ध असल्यास त्यास १९५५ चा हिंदू विवाह कायदा लागू होतो. ही सवय घेऊन परदेशी जाऊ नका. जपान व थायलंड हे तर बुद्धाला मानणारे देश. पण तेथेही विहारातील मंगलविधीने कायदेशीर विवाह होत नाही. जपानात दोन सज्ञान साक्षीदारांच्या सह्यांचे विवाहपत्र नगर-कार्यालयाने दाखल करून घ्यावे लागते. थायलंडात जिल्हा-कचेरीत नोंदणी करावी लागते. बाबासाहेबांचा १५ एप्रिल १९४८ चा विवाहदेखील दिल्लीत नोंदणी पद्धतीनेच झाला होता.

विवाहाची रीत त्या देशाचा कायदा ठरवितो. वधूवरांची पात्रता मात्र बहुधा ज्याच्या त्याच्या देशाच्या कायद्याने पाहिली जाते. जपानात अठरा वर्षांच्या मुलास विवाह करता येतो, आपल्या मुलास एकवीस पुरी व्हावी लागतात. म्हणून तेथील अधिकारी अविवाहित व पात्र असल्याचा दाखला मागतो. तो भारतीय वकिलातीतून घ्यावयाचा असला, तरी त्याचा पाया येथील कागदांत असतो, आणि घोडे अडते ते येथेच. १ ऑगस्ट २०१४ पूर्वी वसई तालुका ठाणे जिल्ह्यात होता. तेव्हा जन्मदाखल्यावर ठाणे, पारपत्रावर पालघर. महानगरपालिका २००९ ची. त्याआधीची नोंद नगरपरिषदेची वा ग्रामपंचायतीची. त्यात धर्मांतरानंतर आडनाव बदललेले असले, की शाळेच्या दाखल्यावर एक नाव आणि पारपत्रावर दुसरे! हे सारे प्रवासापूर्वी जुळवून घ्या; नावबदलाचे राजपत्र जपून ठेवा. पहिला विवाह मोडला असेल तर न्यायालयाचा हुकूमनामा हवा; पंचांनी मुद्रांकावर लिहिलेली फारकत परदेशी अधिकाऱ्यास पटविणे कठीण. कागदांवर परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल शिक्का लागेल काय, हेही आधी विचारा.

दोघांपैकी एक भारतीय नागरिक असल्यास १९६९ च्या विदेशी विवाह कायद्यान्वये वकिलातीतील विवाह अधिकाऱ्यापुढेही विवाह लावता येतो. दोघांपैकी एकाचे तेथे तीस दिवस वास्तव्य, मग नोटीस, हरकतीसाठी तीस दिवस आणि विवाहसमयी तीन साक्षीदार, असा तो क्रम आहे. त्या देशाच्या कायद्यास विरोध असेल तर अधिकारी नकार देऊ शकतो. तेथील कायद्याने झालेला विवाहही याच कायद्याच्या कलम १७ खाली नोंदविता येतो.

मुलींच्या आईबापांनी ही नोंद टाळू नये. पतीने टाकल्यास, काही अटींवर, या कायद्याचे कलम १८ तिला भारतातील न्यायालयाचे दार उघडते. परंतु तेथे प्रथम विवाह सिद्ध करावा लागतो, आणि समारंभाची छायाचित्रे त्यास पुरत नाहीत. मूळ दाखला तिच्याजवळ असावा, प्रमाणित प्रत व भाषांतर येथे माहेरी.